गेरसोप्पा ताफ्यातून बाहेर का पडलं?

बंदरवाला

शरावतीकाठच्या गेरसोप्प्याचं नाव घेतलेलं एक जहाज आज आयर्लंडच्या नैऋत्येला सुमारे ४,७०० मीटर खोलीवर बसलेलं आहे. एसएस गेरसोप्पा. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन म्हणजे बीआय कंपनीचं, ५,२३७ ग्रॉस टनी, १९१९ सालचं, कोळशावर चालणारं साधं मालवाहू. डिसेंबर १९४० मध्ये कलकत्त्याहून निघालं तेव्हा त्यात २,६०० टन कच्चं ओतीव लोखंड, १,७६५ टन चहा, दोन हजारांवर टन किरकोळ माल आणि चांदीच्या विटा होत्या.

३० जानेवारी १९४१ ला पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउनहून एसएल-६४ या ताफ्यात (कॉन्व्हॉयमध्ये) सामील होऊन ते निघालं. ताफ्याचा वेग ८ नॉट. पुढे हवा बिघडली, कोळसा स्कॉटलंडच्या क्लाइडपर्यंत पुरणार नाही असं दिसलं आणि १४ फेब्रुवारीला कॅप्टन जेराल्ड हायलंडने ताफा सोडून एकट्याने आयर्लंडच्या गॉलवे बंदराचा रस्ता धरला. १६ तारखेला सकाळी जर्मन टेहळणी विमानाने डोक्यावर घिरट्या घातल्या. त्याच रात्री यू-१०१ या जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो उजव्या अंगाला दोन नंबरच्या होल्डमध्ये (मालाच्या कप्प्यात) बसला. वीस मिनिटांत खेळ खलास. ८६ पैकी एक माणूस वाचला, सेकंड ऑफिसर रिचर्ड एअर्स.

माझं मत स्पष्ट आहे. हायलंडने ताफा सोडायला नको होता. वेग कमी करून कोळसा वाचवता आला असता. जाणकारांनी बोलावं. फक्त 'युद्ध वाईटच' छापाचे प्रतिसाद नकोत.

कोपऱ्यातला_वाचक

युद्ध वाईटच.

(पळतो.)

बॉयलरसूट

बंदरवाला, वेग कमी करून कोळसा वाचतो हे खरं, पण ते एकट्या जहाजाला. ताफ्यात वेग कमी करायची मुभाच नसते. गणित मांडतो.

या आकाराच्या, ट्रिपल एक्स्पान्शन इंजिनाच्या जहाजाला चालीवर दिवसाला साधारण २५ ते ३५ टन कोळसा लागतो. ३० धरा. फ्रीटाउन ते ब्रिटन सरळ अंतर ३,००० सागरी मैलांच्या आसपास. ८ नॉट म्हणजे दिवसाला १९२ मैल, म्हणजे सोळा दिवस, म्हणजे ४८० टन. हे कागदावर. प्रत्यक्षात पाणबुड्यांना चुकवायला ताफे पश्चिमेकडे लांब वळसा घेऊन जात आणि हिवाळ्यात वीस-बावीस दिवस सहज लागत. २२ दिवसांचे होतात ६६० टन. म्हणजे १८० टनांचा फरक केवळ रस्ता आणि हवेमुळे.

इंजिनाला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. शांत पाण्यात १० ऐवजी ६ नॉटने गेलात तर ताकद पाचव्या हिश्श्याच्या जरा वर लागते. वेळ जास्त जातो, पण तेवढ्याच अंतराला कोळसा जवळपास एक-तृतीयांशावर येतो. समोरून वारा आणि लाटा असल्या की हे गणित कोलमडतं. तेव्हा पाण्यातून ८ नॉटची ताकद लावूनही जमिनीच्या हिशोबाने ५ च पडतात. पंखा लाटेतून वर आला की इंजिन सुसाट फिरतं आणि इंजिनियरला हाताने वाफ बंद करावी लागते. ते पुन्हा पुन्हा होत राहतं. कोळसा जळतो, मैल पडत नाहीत.

बंकरमध्ये, म्हणजे कोळशाच्या कोठारात, आहे तितका सगळा कोळसा वापरताही येत नाही. सुरुवातीला भट्टीजवळचा जातो. शेवटी उरतो तो लांबच्या कोपऱ्यातला आणि तळाचा, निम्मा चुरा. तो हातगाडीने ओढून आणायला जास्त कोलसेवाले लागतात आणि जहाज हेलकावे खात असताना गाडी चालत नाही. चुरा जाळीतून खाली पडतो, राख वाढते, भट्टी वारंवार साफ करावी लागते आणि साफ करताना त्या भट्टीची वाफ उतरते. त्यामुळे कागदावर १०० टन शिल्लक दिसले तरी चीफ इंजिनियर ते १०० धरत नाही.

बंदरवाला

मान्य, पण ताफ्यात एखाद्याकडून कोळसा घेता आला नसता?

बॉयलरसूट

भर समुद्रात? कोळसा पोत्यांनी, दोन जहाजं एकमेकांना चिकटवून, फेब्रुवारीच्या उत्तर अटलांटिकमध्ये? नाही. तेल नळीने देता येतं, कोळसा नाही. शांत खाडीत नांगर टाकूनही कोळसा भरणं दिवसभराचं काम असतं.

संथ_सागर

बॉयलरसूट यांना +१. ताफ्याची बाजू मी मांडतो.

धाग्यातलं गृहीतक असं दिसतंय की ताफ्यात राहणं म्हणजे सुरक्षित. एसएल ताफे फ्रीटाउनहून निघत आणि वाटेचा बराचसा पल्ला एखाद्या सशस्त्र प्रवासी जहाजाच्या सोबतीवर काढत. पाणबुडी शोधायची साधनं असलेली एस्कॉर्ट जहाजं ब्रिटनजवळ येऊन भेटत. याच सुमाराचा एसएलएस-६४ हा संथ जहाजांचा ताफा. १९ जहाजं, सोबत कुणी नाही. १२ फेब्रुवारीला जर्मन क्रूझर अॅडमिरल हिपर त्याच्यावर येऊन आदळलं आणि ७ जहाजं बुडवली. म्हणजे हायलंडने निर्णय घेतला त्याच्या दोनच दिवस आधी. ताफ्याबद्दल आंधळा विश्वास वाटावा अशी ती वेळ नव्हती.

तरीही आकडे ताफ्याच्याच बाजूने जातात हे मी नाकारत नाही. मागे पडलेलं किंवा सुटं झालेलं जहाज ही पाणबुडीची आवडती शिकार. यू-१०१ ही सातव्या प्रकारातली, सेव्हन-बी. पाण्यावर जवळजवळ १८ नॉट, पाण्याखाली ८. १९४१ च्या सुरुवातीला यू-बोटी रात्री पाण्यावर राहूनच हल्ला करत, कारण त्या वेळचं अॅस्डिक, म्हणजे ध्वनीने पाणबुडी शोधणारं यंत्र, पाण्यावरच्या पाणबुडीला पकडत नसे आणि मालवाहू जहाजांवर रडार नव्हतंच. आठ-दहा नॉटचं जहाज दिसलं की पाणबुडी वळसा घालून त्याच्या पुढे जाऊन थांबते. मालवाहूच्या हातात काही राहत नाही.

इतिहास_खणक

विमान होतं फोके-वुल्फ २०० कॉन्डॉर, बोर्डोच्या मेरिन्याक तळावरच्या तुकड्यांचं. त्यानेच यू-१०१ ला बोलावलं असं सगळीकडे छापलेलं असतं. जरा सबुरीने घ्या. कॉन्डॉरच्या वैमानिकांनी कळवलेल्या जागा कित्येकदा दहा-वीस मैल नव्हे तर त्याहून जास्त चुकत, कारण ढगाखाली तासन् तास उडताना स्वतःचंच ठिकाण अंदाजाने काढलेलं असे. सकाळी विमान आलं आणि रात्री टॉर्पेडो बसला, एवढ्यावरून एकामुळे दुसरं झालं असं ठरत नाही.

चहाबाज

बाकीचं ठीक आहे हो, पण १,७६५ टन चहा!! अडीच ग्रॅमला एक कप धरला तर ७० कोटींच्या वर कप. अटलांटिकमध्ये एवढा मोठा, तोही खारा चहा दुसरा झाला नसेल.

संथ_सागर

चहाबाज, हसण्यावारी नेऊ नका. ब्रिटनमध्ये जुलै १९४० पासून चहावर रेशन होतं, माणशी आठवड्याला २ औंस. त्या हिशोबाने हा चहा ३ कोटींहून जास्त लोकांचा एका आठवड्याचा कोटा होता. जर्मन नौदल बुडवलेल्या जहाजांचं टनेज मोजत होतं ते यासाठीच.

चहाबाज

मघाची चेष्टा महागात पडली. बरं, वीस मिनिटांत बुडालं कसं? चहाची खोकी तरंगत नाहीत का?

होल्ड_नंबर_दोन

नावाला जागून उत्तर देतो.

आधी एक गोष्ट साफ करू. ५,२३७ ग्रॉस टन हे वजन नाही, आकारमान आहे. १०० घनफुटांना १ टन. म्हणजे बंदिस्त जागा जवळपास १४,८०० घनमीटर.

चहा हलका आणि फुगीर. एक टन चहाच्या पेट्यांना अडीच-तीन घनमीटर जागा लागते. लोखंडाच्या लगडींना एक टनाला जेमतेम ०.३ घनमीटर. म्हणजे २,६०० टन लोखंडाला लागली सुमारे ८०० घनमीटर, जहाजाच्या एकूण जागेच्या अठराव्या हिश्श्याइतकी. लोखंड होल्डच्या तळाशी गुडघा-कंबरेएवढ्या थरात पसरलं जातं, वर हलका माल येतो किंवा जागा रिकामी राहते.

असा होल्ड फुटला की पाण्याला अडवायला आत काही नसतं. होल्डमध्ये लाकूड किंवा बंद पिंपं ठासून भरलेली असतील तर पाणी शिरायला जागाच थोडी उरते आणि असं जहाज तासन् तास, कधी दिवस-दिवस तरंगतं. लोखंड आणि खनिज वाहणारी जहाजं मात्र मिनिटांत जातात. चहाच्या पेट्या सुरुवातीला थोडा आधार देतात, पण त्या पातळ प्लायवूडच्या. पाण्याचा दाब आला की फुटतात.

जर्मन टॉर्पेडोच्या डोक्यात सुमारे २८० किलो स्फोटक. एका होल्डला भगदाड पडलं तर या बांधणीचं जहाज तग धरेल अशी आशा असते. पण स्फोटाने शेजारची आडवी भिंत फाटली किंवा रिव्हेट सुटले की दोन कप्पे भरतात. दोन नंबरचा होल्ड ब्रिजच्या पुढे असतो, म्हणजे नाळ, जहाजाचं पुढचं टोक, खाली जाते. एकदा पुढच्या डेकवर लाटा चढल्या की हॅचवरच्या लाकडी फळ्या आणि ताडपत्री किती वेळ टिकणार? मग वरूनही पाणी.

शिवाय त्या धक्क्याने पुढची डोलकाठी कोसळली आणि वायरलेसची तार तुटली. मदतीची हाक गेलीच नाही.

नवशिका_नाविक

टॉर्पेडो जहाजाच्या खाली फुटला असणार ना? चुंबकीय फ्यूज होते त्यांच्याकडे.

होल्ड_नंबर_दोन

होते, पण १९४० मध्ये नॉर्वेच्या मोहिमेत ते इतके दगावले की जर्मनांनी बाजूला ठेवले आणि पुढची दोनेक वर्षं धडकेवर फुटणारेच वापरले. उजव्या बाजूला मोठं भगदाड आहे. २०११ ला अवशेष सापडले तेव्हा ओळख पटवायला तेच उपयोगी पडलं.

मिरकरवाडा

या जहाजावर आपले रत्नागिरी-रायगडचे खलाशी असणारच. बीआयवर कोकणातली माणसं ढिगाने होती.

सारंग_टिंडेल

मिरकरवाडा, बीआयवर होती, या जहाजावर असतील असं धरून चालता येत नाही. खलाशी बंदरागणिक घेतले जात. मुंबईत भरती झाली तर डेकवर रत्नागिरीपासून गुजरातपर्यंतच्या किनाऱ्यावरचे, इंजिनात पंजाब आणि सरहद्दीकडचे. कलकत्त्यात भरती झाली तर डेकवर नोआखाली-चितगावचे आणि इंजिनात बहुतांश सिल्हेटी. गेरसोप्पा कलकत्त्याहून निघालेलं. दोन्हीकडे सामाईक होती ती सलूनची माणसं, म्हणजे बटलर, स्ट्यूअर्ड, स्वयंपाकी. हे काम बहुतेक गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींकडे असे.

नवीन वाचकांसाठी उतरंड सांगतो. डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली टिंडेल, मग सुकाणी, कसाब, साधे खलाशी. इंजिनात वेगळा सारंग, त्याच्या हाताखाली तेलवाले, आगवाले, कोलसेवाले. खलाशांचं जेवण भंडारी करणार, सफाई टोपस करणार. बॉयलरसूटने वर बंकरच्या तळाचा कोळसा ओढायचं लिहिलंय ना, ते काम शेवटच्या पायरीवरच्या कोलसेवाल्यांचं. टॉर्पेडो रात्री लागतो तेव्हा पाण्याच्या पातळीखाली असतात तेही हेच लोक, आणि वर यायला एक उभी लोखंडी शिडी.

पगार म्हणाल तर गोऱ्या खलाशाच्या एक-तृतीयांश ते एक-पंचमांश. सप्टेंबर १९३९ ला युद्ध सुरू होताच हिंदी खलाशांनी ब्रिटिश बंदरांत संप केले ते याच कारणाने. पगार वाढले, तफावत गेली नाही.

मिरकरवाडा

धन्यवाद. मग मुंबईत भरती झालेल्यांची नावं कुठे मिळतील?

सारंग_टिंडेल

मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या आणि कबर नसलेल्या ६,००० हून जास्त हिंदी व्यापारी खलाशांची नावं मुंबई आणि चितगाव अशा दोन्ही ठिकाणच्या सारख्याच पुस्तकांत आहेत. जहाजाच्या नावाने शोधा. गावाच्या नावाने शोधायला गेलात तर एकाच नावाचे पंधरा जण निघतील.

इतिहास_खणक

याच खात्यातली आणखी एक गोष्ट. जहाज बुडालं की खलाशाचा करार तिथेच संपायचा, हा ब्रिटिश जहाजांवरचा जुना नियम. मे १९४१ च्या सरकारी आदेशाने तो बदलला. गेरसोप्पा फेब्रुवारीतलं.

लांब_पल्ला

एअर्सच्या बोटीबद्दल कुणीच लिहीत नाही? तीन बोटी पाण्यात पडल्या, एकच पुढे दिसली. तिच्यात ८ युरोपीय आणि २३ हिंदी खलाशी, एकूण ३१.

बोट उतरवणं हेच निम्मं मरण असतं. युद्धात बोटी आधीच बाहेर फिरवून बांधून ठेवत, त्यामुळे थोडा वेळ वाचे. पण जहाज अजून पुढे चालत असतं. बोट पाण्याला लागली आणि पुढचा दोर आधी सुटला तर ती क्षणात आडवी होऊन उलटते. म्हणून पुढून एक लांब दोर जहाजाला बांधलेला हवा आणि मागची कडी आधी सोडायची. अंधारात, वादळात, घाबरलेल्या लोकांकडून. जहाज नाळेवर झुकलं की पाठीमागचा पंखा वर येतो, आणि तो फिरत असेल तर बोटीने त्या बाजूला वाहून जाणं म्हणजे संपलंच. कललेल्या जहाजाच्या उंच बाजूची बोट रिव्हेटांवर घासत उतरते आणि फळ्या फुटतात.

एअर्सच्या बोटीचं सुकाणू गेलं होतं, वल्ह्याने दिशा धरावी लागली. हे ऐकायला सोपं. मागच्या लाटेवर बोट स्वार झाली की वल्हं धरणाऱ्याला एकसारखी ताकद लावावी लागते. जरा चुकला की बोट लाटेला आडवी.

आता पाणी. १९२९ च्या सोलास या समुद्रसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराने बोटीत माणशी १ लिटर पाणी आणि साधारण १ किलो बिस्किटं एवढंच बंधन होतं. तेही बोट जितक्या माणसांसाठी मंजूर तितक्यांच्या हिशोबाने. ३१ माणसांचं ३१ लिटर धरलं आणि १३ दिवसांवर वाटलं तर दिवसाला माणशी ७७ मिली येतं. शरीराला तगायला याच्या पाच-सहा पट तरी हवं. त्यात कोरडी बिस्किटं तोंडात लाळ नसताना गिळता येत नाहीत, म्हणून अन्न असूनही माणसं उपाशी राहतात. पुढे युद्धातच पाण्याचं प्रमाण माणशी ३ क्वार्ट केलं गेलं, म्हणजे जवळजवळ साडेतीन लिटर, आणि बिस्किटांसोबत पेमिकन (सुक्या मांसाची वडी), माल्टेड दुधाच्या गोळ्या आणि चॉकलेट आलं. असल्याच बोटींच्या अनुभवावरून.

फेब्रुवारीतलं पाणी ९-१० अंश. तळाशी साचलेल्या खाऱ्या पाण्यात पाय दिवसरात्र बुडालेले. पाय सुजतात, काळे पडतात. ज्यांनी समुद्राचं पाणी प्यायलं ते आधी भ्रमिष्ट झाले. एअर्सने शीड लावून पूर्व धरली. त्या ऋतूत वारे पश्चिमेचे, त्यामुळे तो निर्णय बरोबरच होता. १ मार्चला कॉर्नवॉलच्या लिझार्डजवळ, कर्थिलियन कोव्हपाशी पोचले तेव्हा बोटीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जिवंत होते. तिथे फुटणाऱ्या लाटांत बोट उलटली. काठावरून तीन मुलींनी पाहिलं आणि हाकाटी झाली. एकटा एअर्स वाचला. त्याला पुढे एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला, तो पुन्हा समुद्रावर गेला आणि १९९२ ला वारला. बोटीतल्या इतर काहींच्या कबरी लँडेवेडनॅकच्या चर्चमध्ये आहेत, त्यांत हिंदी खलाशीही आहेत, नावाविना.

नवशिका_नाविक

किनाऱ्यावर येऊन मेले हे समजत नाही. समोर जमीन दिसत असताना?

लांब_पल्ला

खडकाळ किनाऱ्यावर बोट लावणं हे वेगळंच काम. फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर थांबायचं, समुद्राकडे नाळ करून मागे मागे सरकत यायचं किंवा मागून दोराला जड वस्तू ओढत ठेवायची, म्हणजे लाट बोटीला फिरवत नाही. त्याला वल्ही मारणारी सहा-आठ धडधाकट माणसं लागतात. तेरा दिवसांनी ती कुठून आणणार?

खजिनाप्रेमी

सगळे चांदीवर यायचे टाळताय. ११० टन चांदी असल्या डबड्यात का भरली? युद्धनौकेने न्यायची.

होल्ड_नंबर_दोन

डबडं म्हणू नका. आठेक हजार टन माल उचलणाऱ्या जहाजात १०० टन म्हणजे काहीच नाही. आकारमान तर आणखी कमी, १० घनमीटरच्या आसपास, एका छोट्या खोलीत मावतं. युद्धनौका एवढ्यासाठी अडकवायची परवडत नव्हती. माल अनेक जहाजांत विभागून टाकायचा आणि विमा उतरवायचा, हीच पद्धत.

शिवाय ११० टन हा आकडा अमेरिकी लहान टनांचा. मेट्रिकमध्ये १०० च्या जरा आत. ओडिसी मरीन एक्स्प्लोरेशन या अमेरिकी कंपनीने २०१२ ला १,२१८ विटा काढल्या, २०१३ ला १,५७४. एकूण २,७९२. एक वीट साधारण ३५ किलो. विमा उतरवलेल्या चांदीपैकी ९९ टक्के हाती आली. विम्याची भरपाई ब्रिटिश सरकारने युद्धकाळातच केलेली असल्याने मालकी सरकारची. करारात खर्च वजा जाता ८० टक्के कंपनीला.

खजिनाप्रेमी

८० टक्के??? आणि सरकारने मान्य केलं?

खोल_पाणी

४,७०० मीटरवर दाब किती माहीत आहे का? सुमारे ४७० वातावरणांचा. म्हणजे चौरस सेंटिमीटरला पावणेपाचशे किलोच्या आसपास. टायटॅनिक ३,८०० वर आहे. तिथे पाणबुड्या माणूस जात नाही, केबलला लटकलेलं यंत्र जातं. खाली पोचायलाच काही तास. वरून जहाज उपग्रहाच्या साहाय्याने एकाच जागी धरून ठेवायचं, कारण केबल ताणली गेली की यंत्र गेलं. डेकच्या प्लेटा कापायच्या, चहाच्या कुजलेल्या थरातून वाट काढायची आणि विटा टोपल्यांत भरून वर ओढायच्या. पहिल्या वर्षी उरलेली चांदी सापडली नाही, कारण ती वेगळ्या, शिरायला अवघड अशा छोट्या कप्प्यात होती. खर्च आणि धोका कंपनीचा, सापडलं नाही तर सरकारचं काहीच जात नाही. ८० टक्के जास्त वाटत नाहीत.

विटा वितळवून त्यातल्या काही चांदीची रॉयल मिंटने नाणी पाडली, कडेवर 'एसएस गेरसोप्पा' अशी अक्षरं.

पत्रपेटी

चांदीपेक्षा मला टपाल मोठं वाटतं. ७१७ पत्रं निघाली, हिंदुस्थानातून ब्रिटनला पाठवलेली. सत्तर वर्षं समुद्रतळाशी कागद टिकला कसा, तर पोती इतर मालाखाली घट्ट दाबली गेली होती. आत ताजं पाणी नाही, प्राणवायू नाही, उजेड नाही. त्यामुळे कागद खाणारे जीव तिथवर पोचले नाहीत. वर काढल्यावर मात्र लगेच वाळवायचं नसतं. आधी गोड्या पाण्यात ठेवून मीठ काढायचं, मग थंड साठवण, मग एकेक घडी उलगडायची. घाईने वाळवलं तर मिठाचे स्फटिक धागे तोडतात. २०१८ ला लंडनच्या पोस्टल म्युझियमने त्यांचं प्रदर्शन भरवलं.

मिरकरवाडा

अवांतर: मुंबईहून गेलेलं तिलावा पण चांदी घेऊनच बुडालं ना?

इतिहास_खणक

हो, तेही बीआयचं. २० नोव्हेंबर १९४२ ला बॅलार्ड पिअरवरून मोम्बासाकडे निघालं, २३ ला आय-२९ या जपानी पाणबुडीने सेशेल्सच्या ईशान्येला बुडवलं. २८० गेले, ६७८ वाचले, त्यांतले बहुतेक एचएमएस बर्मिंगहॅमने उचलले. पण ते प्रवासीही नेत होतं, त्याचा हिशोब वेगळा. चांदी दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीची. २०१७ मध्ये २,३६४ विटा काढल्या गेल्या आणि मालकीचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन २०२४ ला दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला.

आणि हीच आय-२९ एप्रिल १९४३ मध्ये मादागास्करजवळ जर्मन यू-१८० कडून नेताजींना घेऊन पूर्वेला गेली.

कोपऱ्यातला_वाचक

झालं, नेताजी आले. आता पाचशे प्रतिसाद पक्के.

मिरकरवाडा

मग मुरगावच्या एरेनफेल्सचंही घ्या!

संथ_सागर

नका घेऊ. ते जर्मन जहाज मार्च १९४३ ला बंदरात नांगरलेलं असताना ब्रिटिशांनी चढाई केली आणि खलाशांनी स्वतःच बुडवलं. त्याला पाणबुडीने बुडवलेलं नाही. वेगळा धागा काढा.

बंदरवाला

सगळं वाचलं. पण मूळ प्रश्न तसाच आहे. १४ फेब्रुवारीला हायलंडने काय करायला हवं होतं?

बॉयलरसूट

केलं तेच. कारणं सांगतो.

जुलै १९४० नंतर ब्रिटनकडे येणारे ताफे आयर्लंडच्या उत्तरेहून, नॉर्थ चॅनेलमार्गे जात. दक्षिणेची वाट बंद होती, कारण फ्रान्सचा किनारा जर्मनांकडे. म्हणजे क्लाइड गाठायला आयर्लंडला वरून वळसा. गॉलवे पश्चिम किनाऱ्यावर. तिथे वळल्याने तीनशे मैलांच्या आसपास वाचतात, म्हणजे चांगल्या हवेत दीड-दोन दिवस आणि ५०-६० टन. वादळात त्याच्या दुप्पट.

ताफ्यात राहिला असता तर? कोळसा संपतो तेव्हा फक्त पंखा थांबत नाही. वाफेवर सुकाणूचं इंजिन, पंप, डायनामो सगळं. वाफ गेली की जहाज लाटेला आडवं पडतं आणि तळात २,६०० टन लोखंड असलेलं जहाज झटके देत लोळतं, कारण वजन खाली असल्याने ते फार जोरात सरळ होतं. माल सुटतो. ताफा कुणासाठी थांबत नाही. म्हणजे एकटा पडलाच असता, फक्त चार दिवसांनी आणि बिनवाफेचा.

खरा निर्णय ३० जानेवारीला फ्रीटाउनला झाला. निघण्याआधी कॅप्टनांची बैठक होते, त्यात वेग सांगायचा असतो, साठा तपासायचा असतो. वेग फुगवून सांगणारी जहाजं प्रत्येक ताफ्यात असत आणि मग त्यांच्यामुळे सगळ्यांचा हिशोब चुके. फ्रीटाउनला स्वतःचा कोळसा नव्हता, तोही जहाजाने आणावा लागे. सोळा दिवसांच्या वाटेसाठी हिवाळ्यात बावीस दिवसांचा साठा धरायला हवा होता.

बंदरवाला

म्हणजे हायलंडला दोष नाही, पण कुणाला तरी आहेच.

संथ_सागर

कुणाला कशाला? ८ नॉटचा ताफा, १९१९ चं इंजिन आणि फेब्रुवारी महिना. यांतलं एकही हायलंडच्या हातात नव्हतं.

बंदरवाला

साठा त्याच्या हातात होता की. बॉयलरसूटनेच वर लिहिलंय.

बॉयलरसूट

साठा मागणं त्याच्या हातात होतं. देणं बंदराच्या. आणि जास्तीचे १८० टन भरले की तेवढा माल उतरवावा लागतो, कारण लोडलाइन, म्हणजे जहाज किती बुडू द्यायचं ती खूण, पाण्याखाली जाऊ देता येत नाही. त्या महिन्यात चहा किंवा लोखंड उतरवून कोळसा भरायला कुणी परवानगी दिली असती असं मला वाटत नाही.

चहाबाज

१८० टन चहा म्हणजे सात कोटी कप. मीसुद्धा दिली नसती.